घरातला गारवा आणि घरातली ऊब

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विदुषींची भाषणे झाली. मी विदुषी नव्हे. पंखे, कूलर आणि पाण्याचे पंप यांच्या मोटारी भरून देण्याचे आमचे घरचे दुकान. त्या दुकानाच्या गल्ल्यावर मी बावीस वर्षे बसले. कारागीर आत काम करीत आणि गिऱ्हाइकांची तक्रार ऐकून घेण्याचे काम माझ्याकडे असे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते पुस्तकी नसून गल्ल्यावर बसून ऐकलेले आणि उघडलेल्या यंत्रात डोळ्यांनी पाहिलेले आहे.

त्या बावीस वर्षांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यंत्र दुकानात घेऊन येतात पुरुष, पण त्याला काय झाले आहे हे ठाऊक असते घरातल्या बाईला. “काल दुपारपासून वास येतोय,” “पाणी वर चढत नाही,” “हात लावला की झिणझिण्या येतात,” हे सारे तिने पाहिलेले असते. मात्र तिला कोणी विचारीत नाही, आणि तीही “आपल्याला त्यातले काय कळते” म्हणून गप्प बसते. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, घरातला गारवा आणि घरातली ऊब देणाऱ्या यंत्रांचे निम्मेअधिक बिघाड आपल्याला कळण्याजोगे आहेत, पुष्कळसे आपल्या हाताने दूर होण्याजोगे आहेत, आणि काही मात्र असे आहेत की तेथे आपला हात ताबडतोब मागे घेतला पाहिजे. हात कोठवर घालायचा आणि कोठे थांबायचे, एवढे कळले तरी पैसा वाचेल, आणि प्रसंगी जीवही वाचेल.

आपल्या नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, हवामान आपणांस ठाऊकच आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, हवा खडखडीत कोरडी. आणि डिसेंबर-जानेवारीत तोच पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा एका घराला गारवाही हवा आणि ऊबही हवी. ही गरज काही आजची नव्हे. निजामशाहीत १५८३ साली पूर्ण झालेला फराहबक्ष महाल, ज्याला आपण फऱ्याबाग म्हणतो, तो पाण्याने भरलेल्या तलावाच्या मधोमध बांधलेला होता. जाड भिंती, उंच छत आणि चहूकडे पाणी. पाण्यावरून येणारा वारा गार लागतो, हे त्या बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या आज्या-पणज्यांना महाल मिळाला नाही, पण माठाला ओले फडके गुंडाळण्याची आणि दाराला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडण्याची युक्ती त्यांनाही अवगत होती. आजचा कूलर म्हणजे तोच वाळ्याचा पडदा. फक्त पाणी शिंपडायला पंप आला आणि वारा घालायला पंखा आला.

यामागचे कारण समजले तर कूलरच्या अर्ध्या तक्रारी आपोआप उलगडतात. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. एवढ्या उष्णतेने दहा लिटर पाण्याची बादली ५८ अंशांनी तापली असती! ही सारी उष्णता खोलीत येणाऱ्या हवेतून काढली जाते, म्हणून हवा गार होते. पण वाफ व्हायला हवा कोरडी पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात चांगला कूलर हवेचे तापमान दहा-बारा अंशांनी उतरवू शकतो. तोच कूलर जुलैच्या दमट दिवसांत जेमतेम दोन अंशांचा फरक करील. म्हणून पावसाळ्यात “कूलर बिघडला” म्हणून जी मंडळी दुकानात येत, त्यांना मी सांगत असे, “कूलर धडधाकट आहे, हवा ओली आहे. पंप बंद ठेवा आणि नुसता पंखा लावा.” अकोल्याकडच्या डोंगराळ, पावसाच्या गावी दिलेल्या लेकीने माहेरच्यासारखा कूलर श्रावणात गार वारा देत नाही म्हणून तक्रार केली, तर तिला हेच सांगावे.

आता भर उन्हाळ्यात कूलर गार वारा देत नसेल तर काय पाहावे, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, खिडकी. कूलर लावला की दारे-खिडक्या गच्च लावून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. ती वातानुकूलन यंत्राला योग्य, कूलरला नव्हे. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. आतली दमट हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली गार होत नाही, उलट चिकचिकाट होतो. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. आणि कूलरची पाठ बाहेर असावी. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुनःपुन्हा फिरवीत राहतो. ही एकच गोष्ट सांगून मी कितीतरी जणांना दुरुस्ती न करता घरी पाठविले आहे.

दुसरी गोष्ट, गवत. बाजूच्या झडपा काढून पाहाव्यात. गवत सगळीकडे सारखे भिजले आहे का? एखादा पट्टा कोरडा असला तर त्यातून ऊन वाराच आत येतो. वरच्या पन्हळीची भोके कचऱ्याने बुजलेली असतात. ती टाचणीने मोकळी करावीत. गवत खाली बसून वर फट पडली असेल तर ते सारखे करावे. गवत काळे पडून कुबट वास येऊ लागला तर ते बदलणेच बरे. नव्या पद्धतीचे मधमाशीच्या पोळ्यासारखे पॅड पुष्कळ वर्षे टिकतात, पण त्यांनाही मऊ ब्रशाने धुवावे लागते.

तिसरी गोष्ट, पंप. पंप चालू आहे, घरघर ऐकू येते, पण पाणी वर चढत नाही, अशी तक्रार सर्वांत अधिक. शंभरातल्या पुष्कळ वेळा पंपाच्या जाळीत गवताच्या काड्या आणि गाळ अडकलेला असतो. प्लग काढून पंप बाहेर घ्यावा, जाळी काढून धुवावी, आतली छोटी पंखी बोटाने फिरते का ते पाहावे. टाकीत पाणी कमी असताना पंप चालू ठेवला तर तो तापून जळतो. तेव्हा दुपारी झोपण्यापूर्वी पाण्याची पातळी पाहावी.

चौथी गोष्ट, पांढरा थर. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी बोअरचे पाणी, आणि ते जड. कूलरमधले पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार जात नाहीत. बासुंदी आटवताना दूध आटते आणि गोडी दाट होते, तसेच हे. रोज वरून भर घालीत राहिलो तर महिन्याभरात टाकीतले पाणी चुनखडीच्या पाण्यासारखे होते, गवत दगडासारखे कडक होते आणि पंप अडकतो. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पाणी भरावे. ते उरलेले पाणी तुळशीला घालू नये, अंगण धुवायला वापरावे.

टाकी रिकामी करण्याचे याहून मोठे कारण आहे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पंधरवडाभर न हलविलेला कूलर हा डासांचा पाळणाच समजावा. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासून, टाकी उन्हात वाळवून मग भरावी. आणि उन्हाळा संपला की कूलर पाण्यासह कोपऱ्यात लोटून ठेवू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम उभी राहिले, ती सांगते.

एके वर्षी सावेडीकडून एक बाई दुकानात आल्या. कूलर पाणी उडवतो, एवढीच त्यांची तक्रार. बोलता बोलता म्हणाल्या, “आणि आठ दिवस झाले, जरा झिणझिण्या येतात. मी चप्पल घालून पाणी भरते.” घरच्यांचे म्हणणे, कूलर म्हटला की एवढे व्हायचेच. आमच्या कारागिराने कूलर उघडला. पंपाच्या वायरीचे आवरण फाटून उघडी तार पाण्याला लागत होती, आणि त्यांच्या घरच्या सॉकेटात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. घरात लहान मूल रांगत होते. भगिनींनो, झिणझिण्या म्हणजे यंत्राची खोड नव्हे, ती यंत्राने दिलेली शेवटची सूचना आहे. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ओले हात, अनवाणी पाय, ओली फरशी आणि पत्र्याचा कूलर. हे सारे एकत्र कोणाच्या वाट्याला येते? पाणी भरणाऱ्या बाईच्या आणि खेळणाऱ्या मुलाच्या.

म्हणून एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा: आधी प्लग, मग हात. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पुष्कळ घरांत तारा उलट जोडलेल्या असतात आणि बटण बंद असतानाही यंत्रात वीज उभी असते. प्लग ओढून काढावा, मग पाणी भरावे, मग हात पुसून प्लग लावावा. दुसरे, परवानाधारक वायरमनला बोलावून घरचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि मीटरच्या फळीवर ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. वीज गळू लागली की तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरवठा तोडतो. त्यावरचे परीक्षेचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, खटका पडला पाहिजे. आणि कोणाला धक्का बसून ते माणूस चिकटले तर त्याला हाताने ओढू नये. आधी मुख्य बटण बंद करावे. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पंख्याविषयी थोडक्यात सांगते. छताचा पंखा हळू फिरू लागला की “मोटार गेली” असे समजू नये. बहुधा आतला कपॅसिटर, ज्याला आपले कारागीर कंडेन्सर म्हणतात, तो उतरलेला असतो. ती वस्तू स्वस्त आणि काम थोड्या वेळाचे. संध्याकाळीच पंखा मंदावत असेल तर मात्र दोष विजेच्या दाबाचा. पात्यांवर धुळीची चौकट बसली तरी वारा कमी होतो. ती ओल्या फडक्याने पुसावी, पण पाते वाकू देऊ नये. पंखा डुलत असेल, खडखड करीत असेल तर त्याखाली पाळणा किंवा अंथरूण ठेवू नये आणि छताचा हूक व त्यातली खीळ पाहून घ्यावी.

आता पुष्कळ घरांत ए.सी. आले आहेत. त्यात आपण करण्याजोगे काम एकच, पण ते महत्त्वाचे. पुढची झडप उघडून जाळी काढावी, नळाखाली धुवावी, सावलीत वाळवावी. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. जाळी तुंबली की गारवा कमी होतो, बिल वाढते आणि आतल्या नळीवर बर्फ धरतो. घरात पाणी ठिबकू लागले तर बहुधा पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. तापमान २४ अंशांवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित ए.सी. मुळातच २४ अंशांवर सुरू होतील असा केंद्र सरकारचा नियम आहे, आणि एकेक अंश वर ठेवल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. “गॅस संपला, भरावा लागेल,” असे दरवर्षी सांगणारा एक कारागीर आमच्या ओळखीत होता. ए.सी.मधला गॅस चुलीच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. “आधी गळती दाखवा, ती बंद करा, मग गॅस भरा,” असे ठणकावून सांगावे.

आता उबेकडे वळते. आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांना तांब्याचा बंब आठवत असेल. पाणी भरल्याशिवाय विस्तव घालायचा नाही, हा त्याचा पहिला नियम, नाहीतर सांधे सुटायचे. आजच्या गीझरलाही तोच नियम लागू आहे. टाकी भरली आहे, नळातून पाणी येते आहे, हे पाहूनच बटण दाबावे. बादलीतल्या हीटरच्या कांडीचेही तसेच. कांडी पाण्यात बुडवून मग वीज सुरू करावी, आणि पाणी तापले का हे पाहण्यासाठी बोट घालण्यापूर्वी प्लग काढावा. त्या बोटाने कित्येकींचा घात केला आहे. स्नानघरात लहान मूल असताना कांडी लावूच नये.

पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा गीझर हिवाळ्यातले पाणी आंघोळीजोगे तापवायला साधारण वीस मिनिटे घेतो. अर्धा तास लागू लागला तर प्रथम विजेचा दाब पाहावा. २३० व्होल्टऐवजी १८० मिळत असतील तर गीझरची शक्ती तीन पंचमांशच उरते. दाब ठीक असूनही पाणी कोमट येत असेल तर थर्मोस्टॅट पाहून घ्यावा. गीझरमधून करकर, खदखद असा आवाज येऊ लागला तर समजावे की तापणाऱ्या कॉइलवर क्षारांचा थर बसला आहे. तो वेळीच काढला नाही तर कॉइल आतल्या आत तापून फुटते. जड पाणी असलेल्या घरी दर एक-दोन वर्षांनी कारागिराकडून टाकी साफ करून घ्यावी. गीझरचा प्लग सोळा अँपियरच्या सॉकेटातच असावा. सहा अँपियरच्या सॉकेटात किंवा जोडवायरीवर लावला की प्लग तापतो, काळा पडतो आणि एक दिवस पेट घेतो. सुरक्षा-झडपेतून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे, पण धार लागली तर गीझर बंद करून कारागीर बोलवावा. थेंब पडतात म्हणून त्या झडपेला कोणी बूच मारू नये. आतली वाफ कोंडली तर टाकी फुटते.

सौर बंब असलेल्या घरी नळ्यांवरची धूळ पुसावी, एवढे पुरे. दुपारच्या उन्हात रिकाम्या तापलेल्या काचनळ्यांत मात्र गार पाणी सोडू नये, त्या तडकतात. पहाटे भरावे.

सर्वांत शेवटी गॅस गीझर, कारण हा सर्वांत गोड बोलणारा शत्रू आहे. वीज नको, झटपट पाणी, म्हणून तो घरोघरी आला. पण बंद स्नानघरात तो जळत राहिला की तेथला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि कडी काढण्याचेही भान राहत नाही. आंघोळीला गेलेली तरणीताठी माणसे अशी गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून निजल्यानेही हेच होते. बाळंतिणीच्या खोलीत शेक देण्यासाठी शेगडी ठेवण्याची जुनी चाल आपल्याला ठाऊक आहे. पण जुन्या घरांना कौलांतून वाट होती, आजच्या स्लॅबच्या खोलीला ती नाही. शेक संपला की शेगडी बाहेर काढावी, खिडकी उघडावी.

तेव्हा गॅस गीझर स्नानघराच्या बाहेर, उघड्या हवेत बसवावा आणि गरम पाणी नळीने आत आणावे. ज्योत निळी असावी. पिवळी झाली की जळण अपुरे होत आहे असे समजून लगेच बंद करावा. कोणी आत उशीर लावला आणि हाकेला ओ दिली नाही, तर “येईल बाहेर” म्हणून थांबू नये. दार तोडावे, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला बोलवावे. दार नवे बसविता येते.

भगिनींनो, बोलणे लांबले. मंडळापुढे दोन सूचना मांडून पुरे करते. पहिली, दरवर्षी होळीच्या आधीचा एक रविवार आपण गल्लीतले कूलर तपासण्यासाठी ठेवावा. एक जाणता वायरमन मंडळाने बोलवावा, खर्च वाटून घ्यावा, आणि ज्या घरी म्हाताऱ्या एकट्या राहतात तेथे प्रथम जावे. दुसरी, आठवड्याचा एक वार सर्व घरांनी टाक्या रिकाम्या करण्यासाठी ठरवावा. एका घराने टाकी घासली आणि शेजारच्या घराने घासली नाही, तर डासाला भिंत आडवी येत नाही.

आपण स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजली नाही तर लगेच ओळखतो. पंपाचा आवाज, गीझरची खदखद, प्लगचा जळका वास हेही त्याच घरातले आहे. ते ऐका, आणि जे ऐकले ते घरात सांगा. “तुला त्यातले काय कळते” असे कोणी म्हटले, तर माझे नाव सांगून या दुकानदारणीकडे पाठवा!